मायक्रॉनचा साहेब

मायक्रॉनचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. पहिली पाळी सहाची, पण त्याआधी कुत्र्याला फिरवून आणायचं असे. तेही रस्त्यावर चिटपाखरू नसताना. माणूस दिसला की कुत्रा पट्टा ताणून अंगावर जायचा.

तो लेथवर, मी शेजारच्या मशीनवर. मापात केसभर चूक त्याला खपायची नाही, म्हणून कारखान्यात त्याचं नाव मायक्रॉन पडलं. कुत्र्याचं नाव त्याने साहेब ठेवलं होतं. म्हणायचा, "दिवसभर लोळतो आणि कुणी आलं की ओरडतो. दुसरं काय ठेवू?"

गेल्या खेपेला साहेबाने जावयाची पँट गुडघ्यापासून फाडली. त्यानंतर मुलीचा फोन आला. "बाबा, दीड महिन्याने येतेय. तोवर तो सुधारला नाही तर त्याला दुसरं घर बघा. नाहीतर नात फोटोतच बघा."

नात तीन वर्षांची. मायक्रॉनने तिला एकदाच कडेवर घेतलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भित्रा आहे तो, म्हणून धावून जातो. पाहुणा दिसतोय पण हा भुंकत नाही, एवढ्या अंतरावरून सुरुवात करा. गप्प राहिला की खाऊ द्या. घाई केलीत तर सगळी मेहनत पाण्यात."

अंतराचं नाव निघताच मायक्रॉनच्या अंगात आलं. दारापासून फाटकापर्यंत टेप लावून त्याने खडूच्या रेघा ओढल्या. पाहुणा मी. पाळी सुटली की आम्ही दोघं थेट त्याच्या अंगणात. रविवारीसुद्धा, कारण तेव्हा ओव्हरटाइम असे. मी वीस फुटांवर उभा राहायचो, तो साहेबाला उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. दुसऱ्या दिवशी साडेएकोणीस. गुरगुर ऐकू आली की मी एक पाऊल मागे.

आठ तास मशीनपाशी उभं राहून वर हा एक तास. पाय भरून यायचे.

"लेका, टेकू दे की जरा."

"पाहुणा उभाच येतो. रेघेवर राहा."

वहिनी खिडकीतून ओरडायच्या, "मला नाही कधी भरवलं हो असं!"

चाळिसाव्या दिवशी मी उंबऱ्यात होतो आणि साहेब माझ्या बुटावर हनुवटी टेकून पडला होता.

मुलगी आली त्या दिवशी मायक्रॉनने रजा टाकली. चोळून अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. फाटक वाजलं आणि साहेब उसळला. पट्टा हातात होता म्हणून निभावलं, तरी मायक्रॉनच्या तळहाताची सालटं निघाली. नात किंचाळून आईच्या गळ्याला चिकटली.

तेवढ्यात पाळी संपवून मी पोहोचलो. मला पाहताच साहेब गप्प. खाली बसून अंड्याची वाट बघू लागला.

मायक्रॉनने माझ्या तेलकट कपड्यांकडे पाहिलं. मग स्वतःची बाही हुंगली.

"हा तेलाच्या वासाला गप्प बसतोय रे. माणसाला नाही."

मुलगी फाटकाबाहेरून म्हणाली, "म्हणजे मी आता ग्रीस फासून येऊ का माहेरी?" आणि हसता हसता रडायला लागली. मग म्हणाली, "चार दिवस आहे. मावशीकडे उतरते. पण एवढेच चार दिवस, बाबा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस फूट. या वेळी मुलगीच रेघेवर. तिसऱ्या दिवशी अठरावर आली. मायक्रॉनने हिशेब मनात केला असावा, कारण तो तसाच लोहाराकडे गेला.

बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये रातोरात छातीइतकं गजांचं दार बसवून घेतलं. गजांतून पोरीचा हात जाऊ नये म्हणून ते एकदा परत पाठवलं.

चौथ्या दिवशी मुलगी नातीला घेऊन खोलीत आली. पलीकडे साहेब येरझारा घालत होता, वहिनी अंडं भरवत होत्या. मायक्रॉन नातीला मांडीवर घेऊन बसला, डोळे मात्र साहेबाच्या कानांवर. अकरा मिनिटं झाली. साहेब कण्हू लागला, तसा तो उठला. "आज एवढंच," म्हणाला आणि नातीला मुलीच्या हातात दिलं. "पुढच्या खेपेला जास्त."

मुलगी म्हणाली, "दोन महिन्यांनी येते."

मायक्रॉनला वरचे दात नव्हते. कवळीसाठी त्याने सगळे रविवार राबून पैसे जमवले होते. त्या पैशांचं ते दार झालं.