आधी माझं बोट, मग तुमची ऑर्डर

आमच्या भाऊजींना कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ते डावा हात पुढे करतात. बोटांची टोकं टणक झाली आहेत आणि त्यांवर बारीक काळे ठिपके आहेत. "हा माझा धंदा," असं म्हणून ते हसतात. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. रक्तातली साखर मोजायची यंत्रं आणि त्यांत घालायच्या पट्ट्या बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात ते निर्यातीचं काम बघतात. त्याच कारखान्यात मी पॅकिंगची देखरेख करते. नोकरी त्यांनीच लावून दिली, हे ते मला अधूनमधून ऐकवतात. मीही त्यांना ऐकवते, की तुमच्या पायी माझी बहीण अकाली म्हातारी झाली. आमचं नातंच एकमेकांना चिडवण्याचं आहे. पण इथे मी जे चिडून लिहिणार आहे, त्यात थट्टा थोडी आहे.

तरुणपणी ते बॅग खांद्याला लावून औषधांच्या दुकानांतून फिरायचे. थर्मामीटर, रक्तदाबाची यंत्रं, असं काय काय विकायचे. साखरेचं यंत्र तेव्हा नवीन होतं. एका दुकानदाराला ते चालवून दाखवायचं होतं, तर दुकानदार बोट टोचून घ्यायला तयार होईना. भाऊजींनी स्वतःचं बोट टोचलं. आकडा बघून दुकानदार म्हणाला, "तुमचं यंत्र बिघडलंय." भाऊजींनी दुसरी पट्टी लावली, पुन्हा टोचलं, पुन्हा तेवढाच आकडा. "यंत्र ठीक आहे हो," ते म्हणाले, "मीच बिघडलोय." दुकानदाराला ते इतकं पटलं की त्याने तिथल्या तिथे यंत्रं ठेवून घेतली. दुसरा कुणी असता तर तडक डॉक्टरकडे गेला असता. भाऊजी पुढच्या दुकानात गेले.

त्यांच्या आयुष्याची गाडी त्या दिवशी ज्या रुळावर चढली, ती पुन्हा उतरलीच नाही. आजार हेच त्यांचं भांडवल झालं. "आधी माझं बोट, मग तुमची ऑर्डर," असं ते गिऱ्हाइकाला सांगत. पॅकिंगच्या बायकांनी त्यांचं नाव 'सॅम्पल' ठेवलं होतं. ते खाली आले की कुणीतरी हळूच म्हणायचं, सॅम्पल आलं, सील तपासा. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

मग मोठ्या कंपन्या आल्या. त्या यंत्र फुकट वाटायच्या आणि पट्ट्यांवर कमवायच्या. आमचा माल दुकानातल्या मागच्या फळीवर गेला आणि मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा भाऊजी म्हणाले, आपण आफ्रिकेत जाऊ. मालकांना वाटलं, हा माणूस आता काहीतरीच बोलायला लागला. पण भाऊजी खरंच एका प्रदर्शनाला जाऊन आले आणि येताना एक गोष्ट हेरून आले. तिथली शहरं भराभर वाढताहेत, माणसं शेतातून उठून खुर्चीत बसताहेत आणि साखर घराघरांत शिरते आहे. यंत्रं कमी आहेत. आणि पन्नास पट्ट्यांची बाटली कुणी घेत नाही. माणूस औषधाच्या दुकानात येतो आणि आजच्यापुरती एक पट्टी मागतो. दुकानदार बाटली उघडून एक काढून देतो, झाकण पुन्हा नीट लागत नाही, आणि उरलेल्या पट्ट्या दमट हवेनं वाया जातात.

"आपण एकेक पट्टी वेगळ्या पाकिटात घालू," भाऊजी म्हणाले. "गोळीसारखी. फाडा आणि वापरा."

त्यासाठी पॅकिंगचं मशीन बदलावं लागलं. मी आणि माझ्या बायकांनी त्या मशीनला किती शिव्या घातल्या ते आम्हालाच माहीत. पण सुट्ट्या पट्ट्या चालल्या. एक देश, मग दुसरा. आमच्या खोक्यांवर फ्रेंचमध्ये, पोर्तुगीजमध्ये मजकूर छापून यायला लागला. काही देशांत साखरेचं मापच वेगळं, आपल्याकडे जिथे एकशे सव्वीस म्हणतात तिथे ते सात म्हणतात, म्हणून यंत्रंही वेगवेगळी लावून पाठवावी लागत. बंद पडायला आलेला विभाग पुन्हा उभा राहिला. हे भाऊजींनी केलं, आणि ते मी कितीही चिडले तरी नाकारणार नाही.

पण घरी? घरी साखरेचं यंत्र नव्हतं. ताई मागायची, तर म्हणायचे, "धंदा घरात नको." सकाळी उठून स्वतःच्या हाताने जुन्या चिठ्ठीवरच्या इन्सुलिनची सुई टोचायची की झालं, एवढाच त्यांचा इलाज. ताईने कितीदा डॉक्टरकडे चला म्हटलं, पण हे ढिम्म. मला त्या माणसाची चीड यायची. जगाला साखर मोजायला शिकवतो आणि बायकोला आकडा सांगत नाही.

गेल्या दोनेक वर्षांत त्यांनी विक्रीची एक नवीच लकब उचलली होती. पूर्वी ते आकडा स्वतः मोठ्याने वाचायचे. आता ते पट्टीवर थेंब ठेवून यंत्र सरळ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "तुम्हीच वाचा. माझ्यावर विश्वास ठेवू नका." लोक खूश व्हायचे. मालक तर नव्या पोरांना सांगायचे, विकायचं कसं ते यांच्याकडून शिका.

गेल्या प्रदर्शनात मात्र ही लकब अंगाशी आली. गिऱ्हाइकाने यंत्र हातात घेतलं, तर त्यावर आकडाच नाही. आमचं यंत्र एका मर्यादेपर्यंतच आकडा दाखवतं. त्याच्यावर गेलं की नुसती खूण येते, की माप संपलं. म्हणजे भाऊजींची साखर यंत्राच्याही हाताबाहेर गेली होती. गिऱ्हाइकाला वाटलं, यंत्र बंद पडलं. तो हसून पुढच्या स्टॉलवर गेला. भाऊजी परत आले ते हेच घोकत, की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. मला वाटलं, आता तरी हा माणूस डॉक्टर गाठेल. त्यांना मात्र फक्त गेलेलं गिऱ्हाईक दिसत होतं.

आणि मग डॉक्टरीणबाई येणार असं ठरलं. आफ्रिकेतल्या तीन-चार देशांत दवाखाने चालवणाऱ्या एका संस्थेची खरेदी त्यांच्याकडे होती. एवढी मोठी ऑर्डर आमच्याकडे कधी आली नव्हती. ती मिळाली तर माझ्या विभागातल्या बायकांना निदान काही वर्षं घोर नव्हता, आणि नाही मिळाली तर मालक अर्ध्या जणींना घरी पाठवणार होते. हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मी बायकांना सांगितलं नाही, पण त्यांना कळलंच असणार.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत बैठक होती. पाकिटं दाखवायला मलाही बोलावलं होतं. त्यांनी पाकीट फाडून बघितलं, पट्टी वाकवून बघितली आणि इंग्रजीत म्हणाल्या, "वरचे आकडे सगळीच यंत्रं बरी दाखवतात. खाली गेलं की थापा मारतात. साखर कमी झालेला माणूस हातातून कधी जातो कळत नाही. मला तुमचं यंत्र खालच्या बाजूला कसं वागतं ते हवंय."

मालक कागद काढायला लागले. भाऊजी उठून उभे राहिले. "आधी माझं बोट," ते म्हणाले, आणि मला जाणवलं की त्यांचा शर्ट पाठीला चिकटलाय. खोली चांगली गार होती. त्यांनी बोट टोचलं. थेंब पट्टीवर ठेवताना पहिल्यांदा चुकला, टेबलावर पडला. दुसऱ्यांदा जमलं. यंत्र बाईंच्या हातात देऊन ते म्हणाले, "तुम्हीच वाचा. माझ्यावर..." पुढचे शब्द एकमेकांत गुंतले. ते खुर्चीत बसले नाहीत, खुर्चीवर सांडले.

बाईंनी आकडा बघितला. एक्केचाळीस. "साखर आणा," त्या म्हणाल्या.

आता ऐका. आमच्या कारखान्यात साखर नव्हती. साखरेच्या आजारावर पोट भरणारी कंपनी, म्हणून मालकांनी मोठ्या कौतुकानं नियम केला होता, की इथे चहा बिनसाखरेचाच मिळेल. पाहुण्यांना ते अभिमानानं सांगायचे. मी जिन्यावरून खाली धावले. माझ्या बायका तो पांचट चहा कशा घशाखाली उतरवतात, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पट्ट्यांच्या रिकाम्या बाटलीत त्या साखर लपवून ठेवायच्या आणि मी डोळेझाक करायची. मी आत शिरून नुसतं "साखर" म्हटलं. कुणी एक प्रश्न विचारला नाही. तीन बाटल्या माझ्या हातात पडल्या.

पाण्यात कालवून बाईंनी ती त्यांना घोटघोट पाजली. भाऊजींचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ते मला ताईच्या नावानं हाक मारत होते. बाईंनी मधेच स्वतःच्या पर्समधलं यंत्र काढून त्यांचं बोट पुन्हा टोचलं, शेजारी आमचंही लावलं. दोन्हींत दोनच अंकांचा फरक. मालकांनी तो बघितला, आणि खोटं कशाला सांगू, मीही बघितला.

थोड्या वेळानं भाऊजी माणसात आले. कालपासून जेवले नव्हते, आकडा मापात यावा म्हणून. वर सकाळचं इन्सुलिनही जास्त गेलं होतं. "अंदाज चुकला," एवढंच ते म्हणाले. मालकांचा आनंद पोटात मावत नव्हता. "आज तुम्ही जे दाखवलंत ना, ते शंभर प्रदर्शनांत जमलं नसतं," असं ते त्या अर्धमेल्या माणसाला म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ऑर्डर झाली, पण यंत्र शिकवायला माणूस मिळण्याच्या अटीवर. पहिल्या कंटेनरबरोबर हाच माणूस तुमच्याकडे पाठवतो, गावोगावच्या नर्सना शिकवेल, असं मालकांनी कबूल करून टाकलं. बाई म्हणाल्या, "येऊ दे. पण आधी याला पायापासून डोळ्यांपर्यंत तपासून घ्या." मालकांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

मी ताईला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "एक यंत्र आण."

रविवारी मी घेऊन गेले. वरच्या झाकणावर ओरखडा होता म्हणून निर्यातीतून बाजूला काढलेलं, आतून नवंकोरं. जेवणाआधी ताईने ते टेबलावर ठेवलं. भाऊजी प्रवासाच्या बॅगेचं कुलूप चाचपत बसले होते.

"हे कशाला?" ते म्हणाले. "घरी कुणाला दाखवायचंय?"

"मला," ताई म्हणाली.

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझंच हे काम." मी म्हटलं, "असेल. बोट काढा." त्यांनी सवयीनं टोचलं, थेंब ठेवला, यंत्र ताईपुढे धरलं आणि दुकानातल्या आवाजात म्हणाले, "तूच वाच. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

मला हसू आलं. ताईला आलं नाही. ती हात मागे घेऊन म्हणाली, "मी तुमची गिऱ्हाईक नाही. तुम्ही वाचा."

"अगं, पण..."

"वाचा."

त्यांनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. मग खिडकीकडे तोंड करून तिरपं केलं. अंक माझ्या अंगठ्याच्या नखाएवढे होते, मला टेबलापलीकडून दिसत होते. तीनशे बारा.

"एकशे चाळीस," भाऊजी म्हणाले.

सगळ्या बातम्या सारख्याच म्हणून त्यांनी सोडलेला पेपर मला आठवला. खोक्यावरचा मजकूर माझ्याकडून वाचून घेणं आठवलं. बैठकीच्या सकाळची ती इन्सुलिनची सिरिंज डोळ्यांपुढे आली, तिच्यावरच्या केसाएवढ्या रेघा. अंदाज चुकला म्हणाले होते, ते खरंच होतं. त्यांना अंदाजाशिवाय काही उरलंच नव्हतं.

"कधीपासून दिसत नाही?" ताईने विचारलं.

त्यांनी यंत्र टेबलावर उपडं ठेवलं. मग म्हणाले, "अगदी दिसत नाही असं नाही. धूसर दिसतं." आणि लगेच, मी बोलायच्या आत, माझ्याकडे तोंड करून, "तू चल माझ्याबरोबर तिकडे. आकडे तू वाच, बोलायचं मी बघतो. कुणाला कळणारही नाही."

"कुठेही जायचं नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"आणि ऑर्डर?" भाऊजींनी विचारलं. प्रश्न तिला नव्हता, मला होता. "तुझ्या बायकांचं काय?"

जाऊ दे ती ऑर्डर, हे मला तेव्हाच म्हणायला हवं होतं. मला साखरेच्या त्या तीन बाटल्या दिसत होत्या आणि त्या पुढे करणारे हात दिसत होते. भाऊजी माझ्या दिशेनं बघत उत्तराची वाट बघत होते. माझ्या चेहऱ्यावर काय आहे ते त्यांना दिसत नाही, याचं मला त्या क्षणी बरं वाटलं.