अंगठ्यावरून निघतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. ज्या मित्राला माझ्या मूळव्याधीपर्यंत सगळं ठाऊक आहे, त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या रस्त्यात समोर आलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

मी गणिताचा मास्तर. लोहा तालुक्यातल्या एका गावात एकोणीस वर्षं शिकवलं. गावाचं नाव सांगत नाही. आता निवृत्त होऊन नांदेडला राहतो. भिंतीवर तहसीलचं एक प्रशस्तिपत्र आहे — 'संवेदनशील' यादीतल्या गावात शांततेत मतदान पार पाडण्यास सहकार्य केल्याबद्दल. पाहुणे आले की वाचतात. चांगलं काम केलंत, म्हणतात. मी चहा सांगतो.

मला मतदान यंत्राचं फार कौतुक. का, ते आधी सांगायला हवं. मुद्दा सोडून पळतोय असं वाटेल — थोडा पळतोयही — पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी धर्माबादकडच्या एका केंद्रावर माझी निवडणूक ड्युटी लागली होती. तेव्हा कागदी मतपत्रिका होत्या. भर दुपारी दहा-बारा जण काठ्या घेऊन आत आले, दार लावलं, मतपत्रिकांचा गठ्ठा ओढला आणि शिक्के मारत बसले. पंगतीत पत्रावळी मांडाव्यात इतक्या निवांतपणे. आमचे केंद्राध्यक्ष मधे पडले. त्यांचं डोकं फुटलं. आणि मी? शिक्के मारणाऱ्यांची शाई सुकली होती, त्यांनी नवी मागितली. मी पेटीतून बाटली काढून दिली.

ही ती कबुली नव्हे. ही साधी भीती होती, बाविसाव्या वर्षाची. ती मी स्वतःला माफ करून टाकली आहे.

म्हणून यंत्र आलं तेव्हा मला हायसं वाटलं. एक मत पडलं की यंत्र आपोआप थांबतं. केंद्राध्यक्षाने टेबलावरचं बटन पुन्हा दाबल्याशिवाय दुसरं पडत नाही. गडबड दिसली की मतदान बंद करायचं बटन दाबायचं, खेळ खलास. काठीवाला आला तरी करणार काय? गठ्ठाच नाही! आणि कुणी कुणाला मत दिलं, ते यंत्राला स्वतःलाच माहीत नसतं. त्याला फक्त बेरीज येते. गणिताच्या मास्तरला आणखी काय हवं? मी प्रशिक्षण घेतलं, पुढे इतरांना दिलं. तालुक्यात मला 'मशीनवाले सर' म्हणायचे. यंत्राबद्दल मी जे सांगेन ते खरं, असं लोक धरून चालत.

आमच्या गावात शाळेत खिचडी शिजवायला ध्रुपदाबाई होत्या. बौद्ध वस्तीतल्या. नवरा हयात नव्हता. कागदी मतपत्रिकांच्या काळात त्यांच्या नवऱ्याला गावातले काठीवाले मतदानाच्या रांगेतून घरी जा म्हणाले, तो गेला नाही, तर त्याचा हात मोडला. तो वाकडा बसला आणि तसाच राहिला. ध्रुपदाबाई हे सांगताना रडायच्या नाहीत. डाळ निवडता निवडता सांगायच्या. त्यांची मुलगी शोभा — माझी विद्यार्थिनी, बीजगणितात पक्की. लग्न झालं, नवरा अपघातात गेला, पाच वर्षांची पोर घेऊन आईकडे परत आली. शिवणकाम करायची, बायकांचा बचत गट चालवायची.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि शोभाने खुल्या महिला जागेवर अर्ज भरला. समोर अण्णांची सून. अण्णा म्हणजे गावचे कर्तेधर्ते. त्यांच्या घरासमोर कुणी अर्ज भरत नसे. वस्तीतल्या लोकांना राखीव जागा दुसऱ्या वॉर्डात होती, ती त्यांनी घ्यावी, असा आजवरचा रिवाज. हिने रिवाज मोडला. आणि गंमत अशी की त्या वॉर्डात वस्तीची मतं जास्त होती. साधी बेरीज. मीच तिला शाळेत बेरीज शिकवली होती ना?

निवडणुकीआधी मी पारावर यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवलं. शोभा त्या वेळी उमेदवारांच्या बैठकीला लोह्याला गेली होती. सगळं दाखवून झालं, तसे अण्णा हसत म्हणाले, "समद्याची नोंद ऱ्हातीया बरं का यात. कोन कुनाला दाबलं, निघतंय मागून." मग माझ्याकडे बघून, "व्हय ना, सर?" मी वायर गुंडाळत होतो. खूप वेळ गुंडाळली. इतकी लांब वायर नसते हो त्या यंत्राची.

तुम्हाला वाटेल, एवढंच ना — गप्प बसलो. मलाही कित्येक वर्षं तेवढंच आठवायचं असायचं. पण ते तेवढंच नाही.

दुसऱ्या दिवशी ध्रुपदाबाई शाळेत मला एकटं गाठून उभ्या राहिल्या. हाताला बटाट्यांची माती तशीच होती. म्हणाल्या, "शोभा म्हनती, अण्णा खोटं बोलून राहिले. इस्वास नसंल तर सरला इचारून ये म्हनली. तर गुरुजी, खरं सांगा. आधी आमचा अंगठा घेतेत, मंग मशीन वाजतंय. अंगठ्यावरून निघतंय का न्हाई, कोन कुनाला दिलं ते?"

किती हुशार प्रश्न होता! रजिस्टरवर अंगठा ओळीने, यंत्रात मतं ओळीने, मग दोन्ही जुळवली की झालं. न शिकलेल्या बाईने स्वतःच्या डोक्याने काढलेला तर्क. त्याला उत्तर एका शब्दाचं होतं. नाही. निघत नाही. अण्णांच्या बापालाही कळणार नाही, ध्रुपदाबाई, बिनघोर लेकीला मत द्या. आणि ऐकायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. अण्णा नव्हते, काठी नव्हती. बटाटे होते आणि चूल होती.

मी म्हणालो, "निघतं."

का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता तो प्रश्न वाटत नाही. अण्णांनी मला काही देऊ केलं नव्हतं. धमकीही दिली नव्हती. शोभा निवडून आली तर गावात राडा होईल, वस्तीवर माणसं जातील, पुन्हा कुणाचा हात मोडेल — असं मी मनाशी म्हणालो. म्हणजे मी शांतता राखत होतो म्हणे! पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. शोभा जिंकली असती तर अण्णांनी मला विचारलं असतं, काय सर, तुम्हीच सांगितलं वाटतं त्यांना? त्या एका प्रश्नाला मी घाबरलो. अजून कुणी न विचारलेल्या प्रश्नाला.

ध्रुपदाबाईंनी मान हलवली. "बरं झालं सांगितलं," म्हणाल्या, आणि चुलीकडे वळल्या.

मतदान शांततेत झालं. पोलिसाची गाडी दिवसभर झाडाखाली उभी होती आणि आतला शिपाई पेपर वाचत होता. ना आरडाओरड, ना धक्काबुक्की. शोभाला एकोणीस मतं पडली. वस्तीत शंभराच्या वर मतदार. पूर्वी जे काम काठी करायची, ते या वेळी माझ्या एका शब्दाने केलं, आणि कुणाला ओरखडाही आला नाही.

निकालाच्या संध्याकाळी शोभा शाळेत आली. ती रडली असती तर बरं झालं असतं. गणित अडलं की यायची तशी आली. म्हणाली, "सर, एक सांगा. भीतीनं नाही दिली मतं, असं मी समजू शकते. पण आई तुमच्याकडून विचारून आली. सर म्हणाले, कुणाला काही कळत नाही, असं तिनं मला येऊन सांगितलं. वस्तीतही सगळ्यांना हेच सांगितलं, म्हणाली. तरी दिली नाहीत. तू तरी दिलंस का म्हणून आईला विचारलं, तर ती डाळ निवडत बसली. म्हणजे मनातूनच दिली नाहीत ना?"

मला क्षणभर काही समजलंच नाही. मग समजलं. ध्रुपदाबाईंनी घरी जाऊन लेकीला खोटं सांगितलं होतं, तिचं मन मोडू नये म्हणून. आणि वस्तीला माझं 'खरं' सांगितलं होतं, कुणाचा हात मोडू नये म्हणून. दोन्हीकडे माया. मधे मी.

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. निवडणूक गेली होती, पण आई-लेक होत्या. वाक्य साधं होतं — शोभा, मी तिला उलटं सांगितलं. ती थांबली होती, माझ्या तोंडाकडे बघत.

मी म्हणालो, "हो, सांगितलं होतं मी, कळत नाही म्हणून." आणि वर म्हणालो, "माणसं अशीच असतात, शोभा."

हीच ती कबुली. पहिलं खोटं भीतीपोटी होतं असं म्हणता येईल. दुसऱ्याला मी काय म्हणू?

आठवड्याभरात शोभाने पोरीला घेऊन गाव सोडलं. आता इथे नांदेडलाच राहते, मुलींच्या वसतिगृहात कामाला आहे. आईशी बोलणं तोडलं नाही, पण बोलायची म्हणजे तब्येत कशी, गोळ्या घेतल्या का, एवढंच. ध्रुपदाबाईंनी लेकीला शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय — माझ्याच मताने तू पडलीस? मला मात्र त्या दर हंगामात ओल्या भुईमुगाच्या शेंगा आणून द्यायच्या. एकदा म्हणाल्या, "गुरुजी, तुमी त्या येळंला सांगितलं म्हून वस्ती वाचली." मी शेंगा घेतल्या. घरी नेऊन उकडून खाल्ल्या, मीठ घालून. चांगल्या लागल्या, हेही सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी त्या वारल्या.

परवा शोभा घरी आली होती, मुलीला घेऊन. मुलगी अठराची झाली, महापालिकेला पहिलं मत देणार. "सरांकडूनच समजून घे मशीन," शोभा तिला म्हणाली. मी कागदावर चित्र काढून दाखवलं — हे बटन, हा दिवा, हा आवाज. मुलीने विचारलं, "आजोबा, आपण कुणाला दिलं ते कळतं का हो कुणाला?"

मी उत्तर द्यायच्या आत शोभाच बोलली. "नाही गं. कुणालाच नाही. सरांनी तेव्हाच सांगितलं होतं, तुझ्या आजीलासुद्धा." मग कपातल्या चहाकडे बघत हळूच म्हणाली, "तरी तिनं मला दिलं नाही."

भिंतीवर प्रशस्तिपत्र होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती, चित्राचा कागद हातात धरून. मी म्हणालो, "बरोबर आहे. कुणालाही कळत नाही."

त्या दोघी गेल्या. मी दोन्ही कप विसळले आणि पालथे घातले.