कोळशानं काढलेली ठकू

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. देव आणि गेलेली माणसं, दोघांनाही मी काचेत बसवते. जिवंत माणसं हल्ली मोबाइलमध्येच राहतात, त्यांचं माझ्याकडे काही काम नसतं. तरी दुकान चालतं, कारण माणसं मरायची थांबलेली नाहीत आणि देव दर श्रावणात नवे लागतात.

त्या दुकानात गेल्या फाल्गुनात एके दुपारी पोश्या हिलम आला. टोकावड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत जी कातकरवाडी आहे तिथला हा माणूस. पावसाळ्यात शेवळांची रानभाजी, उन्हाळ्यात करवंदं घेऊन बाजाराच्या दिवशी बसतो, म्हणून माझ्या ओळखीचा. भावावरून माझ्याशी भांडतो आणि भांडण जिंकला की खुशीत मूठभर करवंदं जास्त टाकतो. त्या दिवशी मात्र त्याच्याकडे टोपली नव्हती. काखेत पत्र्याचा लांबट डबा होता. त्यातून त्यानं एक जाड कागद काढला आणि माझ्या टेबलावर उलगडून ठेवला.

कोळशानं काढलेलं बाईचं चित्र होतं. खांदा दिसत होता, मानेवर सुटलेले केस दिसत होते, एक कान दिसत होता. चेहऱ्याच्या जागी पिवळट काळा बरबटलेला डाग होता, चुलीजवळच्या भिंतीला असतो तसा.

“नीट होल का ताय?” त्यानं विचारलं.

मी स्वभावानं फटकळ आहे. नाही म्हणून सांगितलं. मग त्याचं तोंड पाहिलं आणि चहा मागवला.

चित्रातली बाई ठकू, त्याची बायको. तिला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. त्यांची एकुलती मुलगी बारकी तेव्हा नुकती रांगत होती. ठकूचा फोटो असा कधी निघालाच नाही. हा कागद एवढाच. बारकीला आई माहीत होती ती या कागदावरचीच. आणि आठ दिवसांपूर्वी बारकीची सुपारी फुटली. वाडीतल्या बायका म्हणाल्या, पहिली हळद घरातल्या वारलेल्या माणसाला लावायची असते. पोश्या सोयऱ्यांना सांगायला गेला होता. बारकीनं डबा उघडला, कागद मांडीवर घेतला आणि आईच्या दोन्ही गालांना ओल्या हळदीचा हात मायेनं, भरभरून चोळला. देवाच्या तसबिरीला लावतात, तशीच ही लावायची, असं तिला वाटलं. चार बायका बसलेल्या होत्या, एकीलाही वेगळं वाटलं नाही.

“कोलसा हात लावला का येतो, ह्ये मला म्हाईत,” पोश्या म्हणाला. “मीच बनवलेला तो. पन पोरीला कदी सांगितलाच नाय. नुसता म्हटला, हात लावू नको.”

तेव्हापासून बारकी नीट जेवत नव्हती. लग्न वैशाखात होतं आणि ती एकच धोशा लावून बसली होती, मी माझ्या हातानं आईला पुसली, आता मांडवात कुणाच्या पाया पडू.

मी विचारलं, कोळसा तू बनवलेला म्हणजे काय? तेव्हा त्यानं जे सांगितलं ते ऐकता ऐकता माझी दोन गिऱ्हाइकं परत गेली.

त्या काळी दसरा झाला की ठेकेदाराचा टेम्पो वाडीवर यायचा आणि कोळशाच्या भट्ट्यांवर माणसं न्यायचा. एका वर्षी पोश्या आणि ठकू खाली कुलाब्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, बाजूला गेले. जंगलातलं काम आटोपलं, तसे दोघं काम शोधत रेवदंड्याला पोचले. रेवदंड्याचा कोट म्हणजे पोर्तुगीजांचा जुना किल्ला. आत माडांच्या वाड्या, पडक्या चर्चच्या भिंती आणि त्या भिंतींना टेकून नांदती घरं. तिथल्या एका वाडीतल्या मोठ्या कौलारू घरात पाच-सहा चित्रकार भाड्यानं एकत्र राहायचे. भाडं अगदी कमी, दारात समुद्र आणि विचारणारं कुणी नाही. गावातले लोक त्या घराला चित्रवाल्यांची वाडी म्हणायचे. त्यांना पाणी शेंदायला, माडाची झापं विणायला, स्वयंपाकाला माणसं हवी होती. हे दोघं राहिले ते राहिलेच. बारकीही तिथंच झाली.

एकदा चूल पेटवताना पोश्यानं अर्धवट जळलेल्या काडीनं ओट्यावर रेघोट्या ओढल्या. एका चित्रकाराला ती काडी आवडली. झालं, पोश्याला नवा धंदा मिळाला. दुधाच्या भुकटीच्या डब्यात तुराट्या आणि निरगुडीच्या काड्या दाटून भरायच्या, झाकण मातीनं लिंपायचं, एक बारीक भोक ठेवायचं आणि डबा विस्तवात पुरायचा. भोकातून येणारा धूर निळा झाला आणि मग थांबला की डबा बाहेर. उघडायचा मात्र पार थंड झाल्यावर, नाहीतर सगळ्याची राख. “मोठ्या भट्टीचाच ह्यो बारका पोर,” असं तो मला म्हणाला आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

संध्याकाळी सगळे पडवीत जमायचे. कुणी पेटी वाजवायचा, कुणी भांडायचा, मांदेलीचं कालवण व्हायचं आणि दिवसभराची चित्रं भिंतीला टेकवून ठेवायची. मग ठकूला बोलवायचं. ठकूची जीभ तिखट. एकानं माड निळे काढले तर तिनं विचारलं, हिरवा संपला होता तर सांगायचं होतंत, पानं वाटून दिली असती. सगळे हसायचे आणि तो निळ्या माडांचा माणूस सगळ्यांत जास्त. ती काही बोलली नाही तर चित्र काढणारा रात्री जेवायचा नाही, असं पोश्या सांगत होता.

“आमाला कुनी तिथं कातकरी म्हटला नाय,” तो म्हणाला. “पोश्या म्हटला.”

हे त्यानं अगदी सहज सांगितलं. आमच्या बाजारात त्याला काय म्हणतात ते मी दर बाजाराला ऐकते.

ठकू एका जागी बसायची नाही, म्हणून तिचा चेहरा कुणाला काढता आला नाही. शेवटच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली, तेव्हा ती बसली. कमळताई नावाच्या चित्रकार बाईंनी तिला खिडकीपाशी बसवून काढली. पंधरवड्यात ठकू गेली. पोश्यानं पोर पाठीला बांधली, कमळताईंनी दिलेला डबा काखेत मारला आणि वाडीवर परतला. पुन्हा कधी तो खाली गेला नाही, आणि तसला कोळसाही त्यानं पुन्हा केला नाही. मुरबाडात कोण घेणार?

“कमळबाई काडतील फिरून,” तो म्हणाला. “त्यांनी तिला बगितलीय.”

त्याला एकट्याला जायचा धीर नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाच ती चित्रवाल्यांची वाडी बघायची होती. इतकी वर्षं चौकटी ठोकल्या, पण चित्र काढणारा माणूस कधी पाहिला नव्हता. दुकानाला कुलूप लावलं आणि कल्याण, पनवेल, अलिबाग अशा गाड्या बदलत दुसऱ्या दिवशी आम्ही रेवदंड्याला उतरलो.

कोटाचा दरवाजा दिसला तसा पोश्याचा पाय उचलला. इथं विहीर, इथं होडी ओढायचे, इथं ठकू कोळणींशी भांडायची. मग तो थांबला. कौलारू घर जागेवर होतं, पण त्याला गुलाबी रंग दिला होता आणि पडवीत पर्यटकांसाठी झोके टांगले होते. गेटवरच्या पोऱ्यानं आम्हाला रूमचे दर सांगितले. पोश्या त्या झोक्यांकडे बघत राहिला. जत्रेत हरवलेल्या पोरासारखं तोंड झालं होतं त्याचं.

कमळताई मागच्या दोन खोल्यांत राहत होत्या. वाडी विकली गेली तेव्हा मालकानं तेवढं त्यांना ठेवलं होतं. बाकीचे पांगले, कुणी बडोद्याला, कुणी मुलाकडे, निळ्या माडांचे गृहस्थ वारले. बाई सत्तरीच्या पुढच्या, केस पांढरे, डोळ्याला जाड भिंगं. पोश्याला त्यांनी आवाजावरून ओळखलं. त्याचे हात हातात घेतले आणि तळव्यावरून अंगठा फिरवून काळं शोधलं.

त्यानं येण्याचं कारण सांगितलं. बाई म्हणाल्या, “पोश्या, मला ती आठवते. पण आता काढली तर ती माझी ठकू होईल, तुझी नाही. तुझ्या मुलीला मी खोटी आई कशी देऊ?”

मला त्यांचा रागच आला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला दोन रेघा मारून दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मी तसं बोललेसुद्धा. बाईंनी वाद घातला नाही. पलंगाखालून एक ट्रंक ओढायला सांगितली. जाताना सगळ्यांनी टाकून दिलेले कच्च्या चित्रांचे कागद त्यात होते, आणि त्यांना वाळवी लागली होती.

आम्ही तिघं मागच्या अंगणात एकेक कागद सोडवत बसलो. ठकू बरीच सापडली. मासे साफ करणारे हात. पाणी शेंदणारी पाठ. पायऱ्यांवरची पावलं, टाचा फुटलेल्या. पोश्या प्रत्येक कागद उन्हात धरायचा आणि सांगायचा, ही माघातली, इथं तिला काटा लागलेला, ही बांगडी कोर्लईच्या जत्रेतली. पण चेहरा कुठंच नव्हता. गठ्ठा संपत आला तेव्हा मला वाटलं, आता परतीच्या वाटेवर या माणसाशी काय बोलायचं?

तळाजवळ एक कागद निघाला. खाली सही नव्हती, कुणी काढला ते कमळताईंना सांगता येईना. तो मात्र पोश्यानं एकदाच बघितला. गुंडाळून त्यानं डब्यात घातला आणि उठला.

मुरबाडला परतल्यावर पहिलं काम मी ते केलं. कागदाभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट घातली, म्हणजे काच चित्राला टेकत नाही, आणि सागाच्या पट्टीत बसवून पाठ पक्की केली. त्यानं किती झाले विचारलं, तर मी करवंदांचा मोसम येऊ दे म्हटलं. मग त्याच्याबरोबर वाडीवर गेले, कारण मला राहवेना.

बारकी दारात उभी होती. सुकली होती पोर. तिनं चौकट घेतली, ओट्यावर बसली आणि बघत राहिली. चित्रात पायरीवर ठकू बसलेली, मांडीवर तान्हं मूल. मूल डोळे उघडून वर बघतंय. ठकू पार खाली वाकलेली, केस पुढं आलेले, तोंड झाकलेलं.

“आईचा तोंड दिसत नाय,” बारकी म्हणाली. मी मनात कमळताईंना पुन्हा बोल लावला.

पोश्या तिच्या शेजारी टेकला.

“एक दाढीवाला होता, त्यानं काडला ह्यो,” तो म्हणाला. “तो मला बोलला, पोश्या, हिला जरा वर बगाला सांग. मी हाक मारली. तीनदा मारली, गो. तिनं काय मान उचलली नाय. म्हटली, थांबा, माजी पोर बगतेय माज्याकडं.”

बारकीनं काचेवर बोट ठेवलं, आईच्या नाही, त्या तान्ह्या पोराच्या डोळ्यांवर.

“म्हंजे मी बगितलाय आईला,” ती म्हणाली.