माझ्या नसांचं वय

“हिले मागं बसवा. हिचं सगळ्यात शेवटी. हिच्यानंतर मशीन धुवा लागते.”

ईसीजीवाला हे मला बोलला नाही. भरलेल्या व्हरांड्याला बोलला. त्याच्या हातात माझी फाइल होती. आत माझं औषधांचं कार्ड. एचआयव्हीच्या.

अकोल्यातला मोठा खाजगी दवाखाना. मी अमरावतीची. नांदगाव पेठेला कपड्याच्या कंपनीत शिलाई मशीनवर बसते. दोन महिन्यांपासून जिना चढला की छातीत दाटून यायचं. अकोल्यात माझी बहीण राहते, अकरा वर्षांनी मोठी. तीच मला इथं घेऊन आली होती.

माझा नंबर चौथा होता. मी उठले, मागच्या बाकावर गेले. माझ्या खुर्चीजवळ एक बाई आल्या. वकिलाच्या घरच्या. सगळे ‘मॅडम, मॅडम’ करत होते. त्यांनी पदर आवरला.

“ती उठली तिथे मला नका बसवू. दुसरी खुर्ची आणा.”

दुसरी आली.

त्या माझ्याआधी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डॉक्टर दारापर्यंत सोडायला आले. हसून म्हणाले, “साठी उलटली मॅडम, पण नसा अजून चाळिशीतल्या बाईसारख्या आहेत.”

मी एक्केचाळीस वर्षांची.

खरं सांगते, खुर्चीपेक्षा ते जास्त लागलं. हेवा वाटला. त्यांच्या साडीचा नाही, गाडीचा नाही. त्यांच्या नसांचा. आणि बहिणीचाही. एकाच आईच्या पोटच्या आम्ही. ती बावन्न वर्षांची, सकाळी दवाखान्याचे दोन मजले बोलत बोलत चढली. मी तीनदा थांबले. ती वरून म्हणाली, “ये ना, काहून थांबून राहिली?” मला वाटलं, हिलाही एकदा अशी धाप लागावी. सख्ख्या बहिणीबद्दल वाटलं. लपवत नाही.

मी काय केलं होतं? नवऱ्याकडून आजार आला. नवरा गेला. पंधरा वर्षं रोज गोळी घेते. एक दिवस चुकवला नाही.

माझ्यानंतर आलेली माणसंही आत जाऊन आली. दुपार झाली. ईसीजीवाला बाहेर आला आणि दार ओढून घेऊ लागला.

“तुमी उद्या या. आज बंद.”

बहिणीनं माझा हात दाबला. “चाल. उद्या तर उद्या. चार लोकांत काहून तमाशा?”

मी हात सोडवला. दारात जाऊन उभी राहिले.

“लिहून द्या.”

“काय?”

“मले एचआयव्ही हाय म्हणून तपासत नाही, असं लिहून द्या. खाली सही करा. असं वागाले कायद्यानं मनाई हाय, मले मालूम हाय.”

माझा आवाज सगळ्या व्हरांड्यात गेला. तो शब्द मी पंधरा वर्षांत पहिल्यांदाच लोकांसमोर बोलले. बहीण खाली बघत होती. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. ईसीजीवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं. कोणी काही लिहून दिलं नाही. दार उघडलं.

ईसीजी निघाला. डॉक्टरांनी मानेच्या नसेची सोनोग्राफी केली. पडद्याकडे बघतच बोलले. विषाणू गोळ्यांनी दबलाय, पण आतली सूज पुरती जात नाही. त्यानं नसा वेळेआधी जाड होतात, कडक होतात.

“तुमच्या नसा साठीतल्या बाईसारख्या झाल्यात.”

कोलेस्टेरॉलची एक गोळी वाढली. दर काही महिन्यांनी तपासणी लागली.

हेवा गेलेला नाही. रस्त्यानं चालताना एखादी म्हातारी झपझप पुढे निघून गेली की मी अजून जळते. जळू दे. त्या मॅडमना मी माफ केलं नाही. डॉक्टरांनाही नाही, त्यांच्याच दारात हे सगळं झालं.

परवा अमरावतीत एचआयव्हीच्या औषधाच्या रांगेत भातकुलीची एक बाई आणि चांदूर रेल्वेची एक, दोघी भेटल्या. दोघींच्या छातीत दुखतं. दोघींनी कोणाला सांगितलं नाही. “आमाले कोन हात लावते?” एक म्हणाली.

सोमवारी मी त्यांना अकोल्याला नेते आहे. त्याच दवाखान्यात. त्या घाबरल्या आहेत. मीही घाबरते. पण दोघींची तपासणी झाल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.