बटण न दाबता आलेली लिफ्ट

माझे भावोजी लिफ्ट दुरुस्त करायचे. असला शंकेखोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. स्वतःच्या लग्नात त्यांना हॉलच्या लिफ्टचा आवाज पटला नाही, म्हणून सगळ्या पाहुण्यांना त्यांनी जिन्याने चढवलं. माझी ताई नटूनथटून घामाघूम झाली होती. "अहो, निदान मला तरी लिफ्टने जाऊ द्या," ती म्हणाली. "तुला तर मुळीच नाही," भावोजी म्हणाले. ते वाक्य ती पुढे जन्मभर कौतुकाने सांगायची.

आता तिला त्यातलं फारसं काही आठवत नाही. एकदा गॅस चालू ठेवून ती घराबाहेर पडली आणि भलत्याच रस्त्यावर सापडली. मूलबाळ नाही, भावोजींना डोळ्याला डोळा लावायची सोय उरली नाही, तेव्हा तिला शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. खिडकीजवळची खाट, सवयीची झालेली नर्स, वेळच्या वेळी जेवण. तिथे ती शांत असायची. तो सगळा खर्च भावोजींच्या मुदत ठेवीच्या व्याजातून भागायचा. भागायचा म्हणजे जेमतेम. स्वतः भावोजी सकाळचंच रात्री गरम करून खायचे.

ठेवीची मुदत संपत आली आणि नेमके त्याच आठवड्यात मध्यवर्ती बँकेने व्याजदर उतरवले. ठरलेली बैठक नाही, चाहूल नाही. भर दुपारी बातमी आली, आणि कपातही कुणी धरली होती त्याच्या दुप्पट. शेअर बाजार उसळला. आमच्या ऑफिसात लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. माझाही घराचा हप्ता कमी होणार होता. खोटं कशाला बोलू, मीही खूश होतो. त्याच खुशीत भावोजींना फोन केला.

"बैठक नव्हती ना आज?" त्यांनी विचारलं.

"नव्हती. म्हणून तर सगळे खूश आहेत."

"कुणी बटण न दाबता लिफ्ट खाली आली, तर मी आत पाय टाकत नाही. आधी वर जाऊन ब्रेक बघतो. वर काहीतरी बिघडलंय, बाबा."

माझं डोकंच फिरलं. या माणसाला चांगली बातमी पचत नाही, असं बायकोजवळ बडबडलो.

मुदत संपली त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने नव्या दराने व्याज किती मिळेल ते सांगितलं. शुश्रूषागृहाची फी त्यात बसतच नव्हती. "निम्मे पैसे शेअरच्या फंडात घाला, काका. बाजार आता वरच जाणार," ती म्हणाली.

मीही तेच टुमणं लावलं. भावोजी मान हलवत राहिले. शेवटी मी तोंडाला येईल ते बोललो. "तुमच्या शंकेपायी ताईची खाट जाईल, भावोजी."

"आणि पैसेच गेले तर?" ते म्हणाले आणि त्यांनी ठेवीच्याच कागदावर सही केली.

आठवडाभरात मोठ्या गुंतवणूकदारांनाही तोच प्रश्न पडला. बैठकीपर्यंत थांबायचाही धीर मध्यवर्ती बँकेला राहिला नाही, म्हणजे तिला दिसलंय तरी काय? त्यांनी विकायला सुरुवात केली आणि बाजार धाडकन कोसळला. मी धावतपळत भावोजींकडे गेलो. ते बाथरूमच्या भिंतीला धरायची दांडी बसवत होते.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणालो.

"माझं बरोबर होतं म्हणून ते फी कमी घेणार आहेत का?" त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "उद्या तिला घरी आणतोय."

हप्त्यातले वाचतील ते पैसे देतो, असं मी म्हणालो. त्यात तिची औषधंही येणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. भावोजी भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. एवढा धट्टाकट्टा माणूस, मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीतून उतरताना ताईने माझा हात घट्ट धरला होता. मी भाऊ आहे एवढं तिला त्या दिवशी कळत होतं. भावोजी पुढे होऊन लिफ्टचं दार उघडून उभे राहिले. सकाळीच त्यांनी ती तपासली होती. घर चौथ्या मजल्यावर, आणि ताईच्या गुडघ्यांना जिना झेपणारा नव्हता.

ताई दारापाशीच थांबली. "मी नाही बसणार. आमच्या ह्यांना विचारल्याशिवाय मी लिफ्टमध्ये पाय टाकत नाही."

"अगं, मीच तो," भावोजी म्हणाले.

तिने त्यांना नीट न्याहाळलं आणि ती माझ्या मागे सरकली. भावोजींनी हात जोडले. उभ्या जन्मात मी त्यांना कुणाला लिफ्टमध्ये बसा म्हणून विनवताना पाहिलं नव्हतं. "बाई, लिफ्ट चांगली आहे. मी स्वतः बघितलीय. बसा ना."

"तुमचा काय भरवसा?" ताई म्हणाली. "ते आले की बघतील."

भावोजींनी दार लावलं आणि ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. ताई उभ्या उभ्या त्यांची वाट बघत राहिली.