रुखसा नसलेले डबे

हे मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत नोकरीला होते आणि मी त्यांच्या इकाम्यावर. म्हणजे मला कुवेतमध्ये राहायची परवानगी होती, काम करायची नव्हती. ठाण्यात नऊ वर्षं शाळेत शिकवलेली बाई मी. मुलगी शाळेत गेली की रुमैथियातल्या त्या दोन खोल्यांत दुपारी बाराला सगळं आवरून बसले की स्वतःचाच कंटाळा यायचा.

नव्वदच्या सुरुवातीला एका हळदीकुंकवाला ताई भेटल्या. रत्नागिरीकडच्या, एका हॉस्पिटलात नर्स. सुट्टीच्या दिवशी त्या एका परदेशी कंपनीचे हवाबंद डबे घरोघरी दाखवायच्या. मला म्हणाल्या, "तू छान बोलतेस. माझ्या हाताखाली ये. मग तूही दोघी-तिघी जमव. त्यांच्या विक्रीतलं थोडं तुला, तुझ्यातलं थोडं मला."

मी तयार झाले. बायकांना घरी बोलवायचं, चहा-पोहे द्यायचे, डबा पाण्याने भरून उलटा धरून दाखवायचा. माझ्या हाताखाली शहराबाहेरच्या जहरा गावातली एक जण आली. ड्रायव्हरची बायको, लातूरकडची, कुणाशी फारसं न बोलणारी. तिचा पहिला डबा विकला गेला त्या दिवशी तिने मला फोन केला आणि नुसतीच हसत राहिली.

उन्हाळा लागता लागता एका दुपारी बेल वाजली. दारात आमच्या इमारतीचा राखणदार आणि त्याच्यामागे एक सरकारी माणूस. खालच्या दुकानदाराने तक्रार केली होती. तोही डबे विकायचा, पण भाडं भरून, परवाना काढून. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

तो माणूस सभ्य होता. बूट दाराबाहेर काढून आत आला. पलंगाखालची खोकी पाहून त्याने विचारलं, "रुखसा?" म्हणजे परवाना. राखणदार हिंदीत समजावू लागला. धंद्याला परवाना लागतो, कुवेती भागीदाराशिवाय तो मिळत नाही, आणि नवऱ्याच्या इकाम्यावर आलेल्या बाईला तर मुळीच नाही.

"ये धंदा नहीं है," मी म्हणाले. "सहेलियाँ आती हैं."

साहेबांनी कागद काढला. राखणदाराने विचारलं, "माल किसने दिया? आगे किसको दिया?"

इकामा रद्द झाला तर ह्यांची नोकरी, मुलीची शाळा, एवढंच डोक्यात फिरत होतं. जहराच्या बाईचं नाव मी गिळलं. ताईंचं सांगितलं. हॉस्पिटलचंसुद्धा.

ह्यांना, ज्याच्या नावावर इकामा होता त्या स्पॉन्सरच्या ऑफिसात जाऊन, बायको पुन्हा धंदा करणार नाही असं हमीपत्र लिहून द्यावं लागलं. घरी आल्यावर जेवले आणि म्हणाले, "आता डबे नकोत." ताईंना हॉस्पिटलात लेखी समज मिळाली. मी फोन केला.

"ताई, मी घाबरले हो."

"त्या जहरावालीचं नाव सांगितलंस?"

"नाही. तिच्या नवऱ्याची नोकरी कच्ची आहे."

मग म्हणाल्या, "आणि माझी पक्की वाटली तुला." फोन ठेवला.

जहराला मी बसने गेले, सगळं बंद झालं हे समोर बसून सांगायला. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. "वहिनी, मग आता मी कुणाकडे काय म्हणून जाऊ?" परतीच्या बसमध्ये झोपच लागली, थांबा चुकला.

ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आलं. बगदाद, अम्मान करत आम्ही कसेबसे मुंबईला पोचलो. एक्क्याण्णवच्या शेवटी ह्यांना परत बोलावलं, मागोमाग मी. नवा इकामा, नवे अर्ज, आणि त्यावर तेच वाक्य: काम करण्यास मनाई. जहराचं कुटुंब परतलं नाही. त्यांचा गावाकडचा पत्ता मी कधी विचारलाच नव्हता.

ताई मात्र युद्धाचे सगळे महिने तिथेच राहिल्या होत्या, हॉस्पिटलात. मी भेटायला गेले. ड्रेसिंगच्या खोलीत स्टुलावर बसल्या होत्या, पाय सुजलेले, केस निम्मे पांढरे. माझ्याकडे पाहून त्यांनी हाताने बसायची खूण केली.

"ताई, त्या वेळी मी तुमचं नाव..."

"आठवतं मला," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, फक्त दमणूक. "पण आज नको. बाहेर बारा जण बसलेत."

मी उठले. दारात पुढचा पेशंट आत यायला उभाच होता.