तिघांत एक भाकरी

वैशालीने ज्वारीची भाकरी वर धरली, प्रश्न विचारायला तोंड उघडलं, आणि पहिल्या रांगेतली प्राची म्हणाली, "पाव, म्याडम."

प्रश्न अजून विचारायचाच होता.

जानेफळकडच्या एका शाळेत, चौथीच्या वर्गावर वैशालीचा शेवटचा पाठ चालू होता. शिक्षक व्हायला निघालेल्यांना खऱ्या वर्गावर, परीक्षकासमोर शिकवून दाखवावं लागतं. त्याला पाठ म्हणतात. हा बुडाला तर तिचा डिप्लोमा वर्षभर लांबणार होता. मी मागे, परीक्षकांच्या शेजारी. रिटायर झाल्यापासून अशा मुलामुलींची फुकट शिकवणी घेतो. भाकरीच्या तुकड्यांनी अपूर्णांक शिकवायची आयडिया माझीच. कौतुक ऐकायला आलो होतो.

"आता आठ जण आले तं, असं इचारा ना," प्राचीने मदत केली.

परीक्षकांनी चष्मा काढला. "पोरं आधीच पढवून ठेवली वाटतं. हिला पास कसं करू, सर?"

पढवलं कोणीच नव्हतं. माझ्या शिकवणीतल्या प्रत्येकाने याच वर्गावर हाच पाठ घेतला होता. चौथीला भाकरीचं अजीर्ण झालं होतं.

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग तिने टिपण मिटलं आणि भाकरी प्राचीला दिली.

"तुले सारं येते ना? मंग तिघांत वाट. सारखी."

माझ्या पाठात भाकरी अर्धी व्हायची, पाव व्हायची. तिघं जेवायला कधी आलेच नव्हते. प्राचीने तोडली. एक तुकडा मोठा झाला.

"तो तिचाच असन," मागून टोमणा आला.

भांडण लागलं. परीक्षकांनी वैशालीच्या डब्यातली दुसरी भाकरी मला दिली. माझे तीन भाग पाहून तर भांडणारेही हसले. शेवटी प्राचीची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. भाकरीही तशीच गोल; तिसऱ्या भाकरीवर बारा, चार आणि आठच्या जागी खुणा केल्या की झालं.

परीक्षक स्वतः पुढे जाऊन तुकडे जुळवून पाहत होते. वैशाली पास झाली.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "पोरं कंटाळली, हे तुम्हां सगळ्यांना माहीत होतं?"

"हाव."

"मग मले सांगितलं काऊन नाही?"

"सर, तुमी फीस घेत नाही. तक्रार कोणत्या तोंडानं करावी?"

तेव्हापासून फी लावली आहे. दर आठवड्याला प्रत्येकाने माझी एक चूक सांगायची. थकबाकी कोणाचीच नाही. बायको तर शिकवणीला नसूनही आगाऊ भरते.